त्या बहरावर अक्का हसली नाही

कमलअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिरसाळ्यात, आमच्या फळबाग सोसायटीच्या बैठकीत होतो. वाळलेल्या मोसंबीच्या बागा उपटायला जेसीबी कधी लावायचा, यावर बोलणं चाललं होतं. तिची मुलगी एवढंच म्हणाली, "काका, आई गेली. सकाळी छातीत दुखायलंय म्हनली, अन्..." मी फोन खिशात ठेवला. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या बागेतलं झाड तिच्या हातचं होतं.

अक्का सोसायटीच्या रोपवाटिकेत कलमाचे डोळे भरायची. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चीर देऊन मोसंबीचा डोळा बसवायचा अन् पट्टी बांधायची. तिनं बांधलेला डोळा क्वचितच वाया जायचा. लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला तेव्हा आम्ही टँकरनं बागा जगवल्या. तिसऱ्या वर्षी पाऊस झाला आणि झाडं अशी फुलली की पान दिसेना. आम्ही पेढे वाटले. अक्का मात्र माझ्या बागेत उकिडवी बसून बुंध्याजवळची माती उकरत होती.

"भाऊ, झाड भ्यालंय, म्हनून एवढं फुललंय. खाली मुळं मेल्यात, वर अजून कळालं न्हाई. फळं धरली की बारकी असतानाच तोडून टाका, न्हाईतर दोन सालात बाग जाईल."

"अक्का, दुष्काळ सरला की आता."

"तुमचा सरला. झाडाचा आता सुरू व्हायलाय."

तिनं हेच बैठकीत सांगितलं. लोक हसले. सचिव मी होतो; रजिस्टरात 'सूचना नामंजूर' असं मीच लिहिलं. त्या वर्षी आम्ही ट्रकच्या ट्रक भरून माल पाठवला. पुढच्या वर्षी शेंडे वाळले, त्याच्या पुढच्या वर्षी उभी झाडं. मग भर बैठकीत एकजण म्हणाला, "हिनं डोळेच रोगट झाडाचे भरलेत." अक्कानं माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते मला माहीत होतं... मी रजिस्टरची पानं उलटत राहिलो. तिचं रोपवाटिकेतलं काम त्याच दिवशी सुटलं.

त्यानंतर एकदाच भेटली, बाजारात. मी चुकवून निघालो होतो, तिनंच हाक मारली. "किती झाडं राहिली, भाऊ?" मी म्हणालो, "चाळीसेक." "वाळकं कापा, पाणी बेतानं द्या," म्हणाली अन् पिशवी उचलून गेली. माफी मागता येईल इतक्या जवळ उभी होती ती. मी मागितली नाही.

तिला जाऊन महिना झाला. झाड जिवंत आहे का, हे बघायला ती अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं की पुढं जायची. आता रोज सकाळी मी तेच करतो. नखाखाली तपकिरी भुसा येतो. पुढच्या झाडाशी जातो, खरवडतो... तिथंही तेच.