फेझच्या आकड्यांचा फॉन्ट

मी फॉन्ट तयार करते. राजाजीनगरमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात एकदा मोरोक्कोतल्या फेझ शहराच्या जुन्या आकड्यांचं काम आलं. तिथले दस्तलेखक वारसांचे वाटे लिहिताना ही खास चिन्हं वापरायचे. त्यांच्यात शून्य नाही. पाच, पन्नास आणि पाचशे या तिन्हींना वेगवेगळी चिन्हं. संगणकाच्या जागतिक अक्षरसूचीत त्यांना केव्हाच जागा मिळाली होती, पण फॉन्टअभावी बहुतेक ठिकाणी नुसते रिकामे चौकोन दिसत.

ती वाचणारं माणूस मला दोन गल्ल्या सोडून भेटलं. मूळचे बेळगावकडचे, निवृत्त इंजिनिअर. मोरोक्कोत नोकरीला असताना हौसेनं अरबी शिकले आणि मग या आकड्यांच्या नादी लागले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दर शनिवारी मी लॅपटॉप घेऊन जायची. पडद्याला नाक लावून ते बघायचे. "याचं पोट स्वल्प कमी कर गं. लिहिणाऱ्याचा हात एवढा जड नव्हता." जणू त्या माणसाला ते ओळखत होते.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हळूहळू बोलणं परत आलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, मला दारातच थांबवलं.

"माणसं ओळखतात बघ. आकडे तेवढे गेले. घड्याळ कळत नाही. मुलीला फोन लावता येत नाही."

आत गेल्यावर मी लॅपटॉप पिशवीतच ठेवला, पण अण्णांनी तो पाहिला. "दाखव की."

मी दाखवला. एका चिन्हावर त्यांनी बोट ठेवलं. "हे काय?"

"पन्नास, अण्णा."

"पन्नास म्हणजे किती?"

मी दोन्ही हातांची बोटं उघडून, मिटून दाखवू लागले. ते मन लावून माझ्या हातांकडे बघत होते. मध्येच त्यांचं काहीतरी हरवलं आणि ते ओशाळून हसले.

"मला हे येत होतं ना?"

"येत होतं. मला तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी मान खाली घातली. अक्कांनी पदरानं त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या झटक्यात अण्णा गेले.

काम संपवायचं होतं. नऊशेच्या चिन्हाची माझ्याकडे दोन वळणं होती, वेगवेगळ्या हस्तलिखितांतली. कुठलं घ्यावं हे विचारावं असं कोणी राहिलं नव्हतं. फेझच्या एका अभ्यासकाला मी लिहिलं, उत्तर आलं नाही. शेवटी डोळ्याला बरं वाटलं ते वळण घेतलं आणि फॉन्ट पाठवून दिला. आता तो लोकांच्या फोनवर आहे. त्यातलं नऊशे बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही.