विमान वर, भरीत खाली

माझ्या ब्लॉगवर आजवर लेणी झाली, धबधबे झाले, एकदा तर नुसता एक पूल झाला. पण विमानतळ बघायला म्हणून मी कधी घर सोडलं नव्हतं. त्यातही विमानात बसायचं नाही, खाली उभं राहून बघायचं. घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आता एवढंच राहिलं होतं, असं म्हणून पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. मी बॅग भरत राहिले. बोलावणारा फोन करुणाचा होता, आणि करुणा कधी कुणाकडे काही मागत नाही.

करुणा माझी मावसबहीण. धुळ्याला आपत्ती व्यवस्थापनाचं काम करते, म्हणजे पूर आला, भूकंप झाला, तर मदत कुठून आणायची आणि कशी पोचवायची ते बघते. तिच्या माहेरच्या गावाशेजारी माळावर एक छोटी धावपट्टी आहे. नाव देत नाही, नाहीतर तुम्ही फोटो काढायला तिथे जाल आणि शिव्या मला बसतील. संकटात मदतीची विमानं जिथे उतरू शकतात अशा जागांमध्ये ही पट्टी घ्यावी, म्हणून करुणा कित्येक वर्षं अर्ज-विनंत्या करत होती. आता एकदाची संधी मिळाली होती. पहिल्या दिवशी जळगावात प्रशिक्षण, दुसऱ्या दिवशी माळावर खरंखुरं मालवाहू विमान उतरवून रंगीत तालीम. जमलं तर पट्टी पक्की. नाही जमलं तर तो मान दुसऱ्या जिल्ह्याला.

हा हट्ट कुठून आला ते आम्हा घरच्यांना माहीत आहे. एका पावसाळ्यात रस्ते तुटले, पूल पाण्याखाली गेले आणि मावशीचं इन्सुलिन संपलं. औषधं शेजारच्या जिल्ह्यापर्यंत आली होती, पुढे यायला वाट नव्हती. पेटी घरी पोचली तेव्हा मावशी आदल्या दिवशीच गेली होती. नानांनी, म्हणजे करुणाच्या वडिलांनी, तरीही ती पेटी उघडली. आत बर्फाचं कोमट पाणी झालेलं होतं. त्या पाण्याबद्दल नाना पुन्हा कधीच बोलले नाहीत आणि करुणा आम्हा बाकीच्यांशी दुसरं काही बोलली नाही.

अकोल्याहून पहाटेची गाडी धरली. थंडीचे दिवस, अंगावर शाल, आणि खिडकीबाहेर कपाशीची रानं धुक्यात अर्धी बुडालेली. उरलासुरला कापूस झाडांवर तसाच होता, त्यामुळे धुकं कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. भुसावळच्या अलीकडे दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या. त्यांचा धूर सरळ वर जात होता आणि त्याच्या टोकाला कोवळं ऊन लागलं होतं. मी बराच वेळ त्या धुराकडे बघत बसले. धूर इतका देखणा असतो असं मला तेव्हा वाटलं होतं.

जळगावला उतरल्यावर स्टेशनबाहेर पोहे खाऊन घ्या, चहा मात्र पुढच्या चौकात घ्या. विमानतळ गावाबाहेर आहे, रिक्षावाल्याशी आधीच बोलून घ्यावं. मला पास होता, कारण मला भूमिका होती. करुणाने मला केलं होतं ‘आगंतुक दानशूर बाई’. कुठेही संकट आलं की जुन्या साड्यांची गाठोडी घेऊन न सांगता येऊन धडकणारी, वर फोटो काढा म्हणणारी. मला अडवायचं, पण दुखवायचं नाही, याचा सराव पोलिसांनी आणि स्वयंसेवकांनी करायचा होता. एवढ्या जणांत मीच का, असं विचारलं तर करुणा म्हणाली, की अक्का, तुला अभिनय करावा लागणार नाही.

प्रशिक्षणात बसून मला पहिल्यांदा कळलं, की विमान उतरवणं हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड असतं ते उतरलेला माल हलवणं. जग हळहळतं, घोंगड्या पाठवतं, पाण्याच्या बाटल्या पाठवतं, आणि सगळं विमानाशेजारीच साचत जातं. मग पुढच्या विमानाला उभं राहायला जागा उरत नाही. औषधं खाली आणि घोंगड्या वर. अग्निशमनवाले, डॉक्टर, हमाल, ट्रकवाले असे सगळे एका खोलीत बसून खडूने आखलेल्या चौकोनांवर रिकामी खोकी सरकवत होते. बाहेर लांबलचक मोकळी पट्टी उन्हात पडली होती. त्या पट्टीकडे बघताना मला झोप आल्यासारखं होत होतं, पण चांगल्या अर्थाने.

करुणाने तिथे केळीचा कायदा लावला होता. हे फैजपूरच्या शकीलभाईंकडून आलेलं. त्यांचे केळीचे ट्रक आहेत आणि तालमीसाठी त्यांनी दोन दिले होते. त्यांच्याकडे ट्रक बांधावर येऊन उभा राहिल्याशिवाय झाडावरचा घड कापत नाहीत. एकदा कापलेली केळी थांबत नाहीत, पिकत जातात. तसंच खाली ट्रक उभा असल्याशिवाय विमानाचं दार उघडायचं नाही, असं ठरलं. माल जमिनीला टेकायचाच नाही, हातातून हातात आणि थेट ट्रकमध्ये. दुपारपर्यंत सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं की जेवणाच्या ताटल्यासुद्धा रांगेतून हातोहात आल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शकीलभाईंच्या ट्रकमधून धुळ्याकडे निघाले. तुम्ही एसटीने जा, गाड्या भरपूर आहेत आणि रस्ता आता चांगला झाला आहे. एरंडोलला चहा, पारोळ्याला गरम भजी. शकीलभाई कमी बोलतात, गाडी हळू चालवतात, आणि मला ते दोन्ही मानवलं. ऊन तिरपं होतं, शेतांतून कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांचे ढीग रचलेले होते, आणि सगळं रान अजून जागं व्हायचं होतं. असा प्रवास संपूच नये असं वाटत होतं.

माळावर पोचलो तेव्हा करुणा हातात वायरलेस घेऊन उभी होती. चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीचा. बाहेरून आलेल्या निरीक्षक मॅडम खुर्चीवर शांत बसल्या होत्या, निकाल त्याच देणार होत्या. विमानातून घोंगड्या, तंबू येणार होते आणि एक थंड पेटी. तिच्यात औषध नव्हतं, नुसता बर्फ होता. विमानातून निघून गावाच्या टोकाच्या घरापर्यंत जाईतो तो बर्फ टिकला पाहिजे, अशी तालमीतली शेवटची अट करुणाने स्वतः घातली होती. गावाच्या टोकाला घर कुणाचं आहे, ते मला ठाऊक होतं.

मी माझी साड्यांची गाठोडी घेऊन फाटकावर भूमिकेत शिरले. एका तरुण हवालदाराने मला इतकं गोड बोलून अडवलं की मी जवळजवळ परतच निघाले होते. तेवढ्यात विमानाचा आवाज आला. आम्ही सगळे माना वर करून उभे राहिलो. ऊन पंखांवर चमकलं, आणि त्याच वेळी नाकाला वास आला.

वास भाजलेल्या वांग्यांचा होता.

खानदेशात हिवाळ्यात पाहुणा आला आणि भरीत न खाता गेला, असं होत नाही. इथली ती हिरवी, पांढरट, लांबोडकी वांगी, आणि ती पऱ्हाट्यांच्या जाळावरच भाजायची, गॅसवर भाजलेलं भरीत इथे कुणी भरीत मानत नाही. नानांनी करुणाला न सांगता सगळं ठरवलं होतं. पोरीचं विमान येणार, त्यात पाहुणे येणार, ते उपाशी कसे जातील? गाव लागलं होतं कामाला. कुंपणापलीकडे शेतात चार-पाच जाळ पेटले होते, बाया पुऱ्या लाटत होत्या, आणि भरीत कुटायची लाकडी बडगी धुऊन उन्हात ठेवलेली होती. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

आणि धूर वर जात नव्हता. थंडीमुळे तो जमिनीलगतच पसरला, कुंपण ओलांडून आला आणि पट्टीवर पांढऱ्या चादरीसारखा पडून राहिला. पाहता पाहता पट्टीचं अर्धं अंग दिसेनासं झालं. विमान एकदा खाली आलं, वर गेलं, पुन्हा घिरटी घातली. वायरलेसवरून पायलट शांतपणे विचारत होता की खाली काय पेटलंय. करुणा काय सांगणार, वांगी?

ती धावत कुंपणाशी गेली आणि मी गाठोडी टाकून तिच्या मागे. ऑफिसात ती अगदी छापील मराठी बोलते. तिथे पोचली आणि थेट घरच्या बोलीवर आली.

“नाना, आग बंद करा. विमान उतरी नही शकत.”

“पाहुणा उपाशी जातीन व माय?”

“ते जेवाले नही येत, नाना. हाई बठ्ठं, सगळं, आईसाठी शे.”

नानांचा हात तसाच थांबला. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांसमोर आईचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं. मग नानांनी पाण्याची घागर उचलली आणि स्वतःच्या हाताने पहिल्या जाळावर ओतली, वांग्यांसकट. बाकीच्यांनीही ओतली. चर्र आवाज झाला आणि जाळ विझताना धूर आणखी वाढला. वर विमानाने एक शेवटची घिरटी घातली आणि ते जळगावकडे निघून गेलं.

मला त्या क्षणी नानांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघून रडूही येत होतं. भिजलेल्या राखेत वांगी पडली होती. इस्त्रीच्या सदऱ्यावर काळे शिंतोडे उडाले होते. करुणा निरीक्षक मॅडमकडे गेली आणि म्हणाली, की चूक माझी आहे. गावाला मी तालीम सांगितली, पण धुराचं सांगितलं नाही, कारण मला ते सुचलंच नाही.

मॅडमनी वायरलेस मागून घेतला आणि पायलटशी बोलल्या. मग त्या म्हणाल्या, खरं संकट हिवाळ्यात आलं असतं तर हे जाळ तेव्हाही असते. विमान जळगावला इंधन घेतंय. दुपारी आणखी एकदा येईल. एकदाच.

हे ऐकल्यावर नाना गावाकडे चालू लागले. थोड्या वेळाने विहारावरच्या भोंग्यातून त्यांचा आवाज माळावर आला. आजवर तिथून बुद्धवंदना ऐकू यायची, नाहीतर ग्रामसभेची सूचना. “आज कोणी आग लावू नका. पऱ्हाट्या नही, शेकोटी नही. विमान येवाले शे. मनी पोरनं विमान शे.” माझ्या पोरीचं विमान आहे, हे त्यांनी कितीदा सांगितलं, मी मोजलं नाही. मग ते परत आले आणि शेताशेतांच्या बांधावरून, कुठे धूर निघतोय का बघत, भर उन्हात हिंडत राहिले.

दुपारी आभाळ धुऊन काढल्यासारखं होतं. विमान आलं, उतरलं, थांबलं. खाली शकीलभाईंचा ट्रक उभा होता, मग दार उघडलं. खोकी हातातून हातात जात राहिली, मी अडवल्या गेलेल्या बाईच्या जागेवरून ते बघत होते, आणि कसलीही घाई नसल्यासारखं सगळं भराभर होत होतं. थंड पेटी जीपमध्ये गेली. करुणाने मला हाताला धरून जीपमध्ये ओढलं.

गावाच्या टोकाच्या घरापाशी नाना आमच्या आधी पोचले होते. दारात उभे होते, सदरा तोच. स्वयंसेवकाने पेटी त्यांच्या हातात दिली. नाना खाली बसले, पेटी मांडीवर घेतली, आणि झाकण उघडायला त्यांनी फार वेळ लावला. मग आत हात घातला आणि तसाच ठेवला.

“थंडं शे व, करुणा,” ते म्हणाले. “आजून थंडं शे.”

करुणा त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली आणि तिनेही हात घातला. मी अंगणाबाहेर येऊन रस्त्याकडे बघत उभी राहिले. जीपच्या ड्रायव्हरने मला काही विचारलं नाही, त्याबद्दल त्याचे आभार.

संध्याकाळी भरीत झालंच. विमान परत गेल्यावर करुणाने स्वतः परवानगी दिली. पाहुणे म्हणजे निरीक्षक मॅडम, शकीलभाई आणि मी. कांद्याची पात, शेंगदाणे, हिरवी मिरची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मॅडमनी दोनदा घेतलं. जायचा विचार असेल तर थंडीतच जा, अंगावर गरम काहीतरी असू द्या, आणि विमानतळ बाहेरूनच बघा. खाणं, राहणं, प्रवास मिळून माझं एका बऱ्या साडीच्या किमतीत भागलं. साड्यांची गाठोडी मात्र तिथेच विसरले, ती आता खरोखरच मदत म्हणून जमा झाली असावीत.

घरी येऊन काही आठवडे झाले. अजून डोळे मिटले की ती रिकामी पट्टी दिसते, आणि तिच्यावरून सरकणारा पांढरा धूर. काल करुणाचा फोन आला. पट्टी मंजूर झाली. विमान निघालं की गावात आग बंद करायची सूचना भोंग्यावरून देण्याचं काम नानांच्या नावावर लागलंय, आणि आता लांब आभाळातून प्रवासी विमान जरी गेलं तरी ते शेजाऱ्यांच्या चुली तपासायला जातात. मी खूप हसले. मग विचारलं, ती पेटी परत केली का ऑफिसात?

नाही, ती म्हणाली. नाना देत नाहीत. रोज सकाळी शेजारच्या फ्रिजमधून बर्फ आणून तिच्यात भरतात. आणि रोज संध्याकाळी आत हात घालून बघतात.