पाव भाग मोकळा

बंद पडलेले कॉम्प्युटर जिवंत करायचा म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचा प्रबंध, जुन्या हार्ड डिस्कच्या पोटातून त्याने कितीदा तरी परत काढले होते. "पुसलं म्हणजे गेलं असं नाही," हे त्याचं पालुपद. ते ऐकून गिऱ्हाइकाला धीर यायचा आणि डॉक्टर थोडा फुगायचा.

ताईच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, नव्या तऱ्हेची वेगवान डिस्क, त्यानेच बसवली. साधीच, घरगुती वापराची. यंत्र चुटकीसरशी उघडलं तशी ताई हरखली.

"पण भरत आली की रखडते हं," त्याने बजावलं. "पाव भाग कायम मोकळा ठेव."

एक गोष्ट मात्र तो बोलला नाही. आपला वेग टिकवायला ही डिस्क पुसलेली जागा आतल्या आत लगेच साफ करून ठेवते. हिच्यावरून पुसलं की गेलंच.

पुढे भावोजींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार होता. म्हणून ते दोन महिने रोज माइकसमोर बसले आणि सोळाशे वाक्यं बोलले. त्यावरून पुढे यंत्र त्यांच्याच आवाजात बोलणार होतं. दुसरी प्रत डॉक्टर काढून ठेवणार होता. आज करू, उद्या करू, करत राहूनच गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी ताईचा फोन आला.

"अरे, कॉम्प्युटर रखडत होता. एकाच नावाची दोन फोल्डरं दिसली, एक उडवलं. उरलं त्यात यांचं पहिल्या चारच दिवसांचं बोलणं आहे रे."

"रिसायकल बिनमध्ये बघ."

"तीही रिकामी केली. तूच शिकवलंस ना?"

"रिकामी कधी केलीस?"

"काल सकाळी. तेव्हापासून कॉम्प्युटर बंदसुद्धा केला नाही, भीती वाटली. तू आणशील ना परत?"

डॉक्टर हातातलं काम टाकून धावला.

भावोजी गळ्याला पट्टी बांधून, मांडीवर पाटी घेऊन आधीच खुर्ची ओढून बसले होते. शोध सुरू झाला. अर्ध्या तासाने पडद्यावर फायलींची नावं उमटू लागली. भावोजींनी प्रत्येक फाईलला त्यातल्या वाक्याचंच नाव दिलं होतं. ‘चहा झाला का’. ‘मला उशीर होईल, जेवून घे’. ‘एवढी का गप्प आहेस’.

"आलं की रे सगळं," ताई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

डॉक्टरला मात्र ठाऊक होतं. नावं राहतात, आतलं धुतलं जातं. तरी त्याने पहिली फाईल लावली. तीन सेकंद काटा सरकला. दुसरी लावली, तिसरी लावली. खोलीत पंख्याचाच आवाज होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

भावोजींनी त्याच्या दंडाला हात लावला आणि पाटी पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘आवाज वाढव’.

डॉक्टरने आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि चौथी फाईल लावली.