तात्यांच्या मोबाइलमधला व्हरांडा

बारामतीतल्या मुलींच्या वसतिगृहात संगणक आणि कॅमेरे सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. विश्वस्तांपैकी एक, तात्या, आमच्या बावडा गावचे. ही नोकरी मला त्यांच्याच शब्दावर मिळालेली. गावात अब्बांचं कापडाचं दुकान. दर ईदेला तात्या शिरखुर्मा खायला घरी यायचे.

एका दुपारी लोणी भापकरची एक मुलगी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत येईना, जाईनाही.

"मॅडम, काल मी व्हरांड्यात केस वाळवत बसले होते. आज तात्या भेटले तर म्हणाले, असं मोकळ्या केसांनी बाहेर बसू नये. काल तर ते इथं आलेच नव्हते."

"बघते मी," एवढंच म्हणाले. ती गेल्यावर मी संगणकासमोर बसले. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र फक्त मला आणि रेक्टरबाईंना दिसायला हवं होतं. तपासलं, तर आणखी एक मोबाइल जोडलेला. कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला. तो सहज म्हणाला, "तात्यांनी मागितलं, दिलं जोडून. ट्रस्टीच हायत की ते."

पासवर्ड बदलणं सोपं होतं. त्यानंतर काय होणार, याच्या विचारानं मी खुर्चीतून उठत होते, पुन्हा बसत होते. शेवटी बदलला. संध्याकाळच्या आत फोन आलाच.

"पोरी, माझ्या मोबाइलवर काय दिसंना."

"पासवर्ड बदललाय, तात्या."

"मग नवा सांग की."

"समितीनं ठरवलं तर देते."

"मी काय वाईट नजरंनं बघतोय व्हय? नातीसारख्या हायत त्या मला. त्यांच्या आईबापांनी आमच्या भरवशावर ठेवल्यात हितं."

ते मनापासून बोलत होते, आणि तिथंच माझी पंचाईत होती. माणूस वाईट असता तर सरळ राग तरी धरता आला असता.

सुट्टीला गावी निघाले. इंदापूरच्या स्टँडवर बस बदलताना वाटलं, इथूनच मागं फिरावं. घरी पोचले तर अब्बांनी विचारलं, "काय केलंस गं? तात्या दुकानावरनं गेलं, पर बोललं न्हाईत."

मी सगळं सांगितलं. अब्बा गिऱ्हाइकानं विस्कटलेल्या कापडाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "फोनवर एकटीनं न्हाय म्हणू नगंस. चारचौघांत म्हण."

समितीच्या पुढच्या बैठकीत मी विषय काढला. एक विश्वस्त हसून म्हणाले, "अहो, सुरक्षेसाठीच आहे ना सगळं?" कुणी घड्याळात बघितलं. विषय मिटणार असं वाटत असताना रेक्टरबाई बोलल्या.

"माझी खोलीही त्याच व्हरांड्यावर आहे, तात्या. सकाळी पाणी घ्यायला मी गाऊनवर बाहेर येते."

तात्यांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली. हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग ते म्हणाले, "काढा तो कॅमेरा."

व्हरांड्यातला कॅमेरा निघाला. फाटकावरचा राहिला, त्याचं जुनं चित्रण बघायचं तर रेक्टरबाई आणि एक विश्वस्त, दोघांची परवानगी हवी, असं ठरलं. मी एकटीनं जुनं काही उघडायचं नाही, हा नियम मीच मागून घेतला.

त्या ईदेला तात्या आले नाहीत. अब्बांनी शिरखुर्म्याचा डबा पाठवला. आमच्याकडं कुणी डबा रिकामा परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. तो धुऊन, पुसून, रिकामाच आला.

फाटकाचं चित्र अजून दिवसभर माझ्यासमोर चालू असतं. मुली आत येतात, कुणी ओढणी सारखी करते, कुणी कॅमेऱ्याकडं बघून चालण्याचा वेग वाढवते. मी नजर दुसरीकडं वळवते. पण फाटकावर लक्ष ठेवायचा मला पगार मिळतो, म्हणून परत बघते.