मालकाचा कोरा रकाना
खंडेनवमीला ऑफिसातल्या कपाटाला झेंडूचा हार घातला, की त्या वासासरशी मला वडनेर भोलजीकडची ती बंद जिनिंग, कापसातली सरकी वेगळी करायची गिरणी, आठवते. ती चालवणारी कंपनी बुडाली होती, आणि तिच्या मालमत्तेचा पंचनामा करायला आलेल्या अधिकाऱ्याचा मी कारकून होतो. दाराचं तीन वर्षांपूर्वीचं सील शाबूत होतं, ते मी स्वतः तोडलं. कंपनीचे दोन गुंतवणूकदार तिथंही भांडतच होते. "मशिनी माह्या हायेत, कंपनीले नुसत्या वापराले देल्या होत्या," एक म्हणाला. "मंग कागद दाखव ना बे! कंपनीच्या म्हंजे सगळ्यायच्या," दुसरा ओरडला. आत सरकीचा खवट वास कोंडला होता, आणि जमिनीवरच्या जाड धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. शेवटच्या मशीनपाशी पोचलो आणि दोघंही एक पाऊल मागं सरले. तिच्यावर ओलं हळदकुंकू होतं, ताज्या झेंडूचा हार होता, उदबत्ती अजून जळत होती. त्या दिवशी खंडेनवमीच होती, आणि आमच्याकडे यंत्राची पूजा मालकानंच करायची रीत. मी पंचनाम्याच्या कागदावर पेन टेकवला, तर कधीच एकमत न झालेले ते दोघं एका सुरात म्हणाले, "हे नोका लिहू, साहेब." साहेबांनीही होकारार्थी मान डोलावली. मी 'मशीन एक, धूळ बसलेली' एवढंच लिहिलं आणि मालकाचा रकाना कोरा सोडला. आज वाटतं, त्या मशीनचा खरा मालक तिथंच कुठंतरी उभा होता, आमच्या जाण्याची वाट पाहत.