झिऱ्याची काठी

सहकुटुंब डोंगरभटकंती हा प्रकार ज्याने काढला त्याला डोंगरही ठाऊक नसावा आणि कुटुंबही. हे मी म्हणतो आहे, आणि अकोल्यात असा एक गट कित्येक वर्षं मीच चालवला. महिन्यातल्या एका रविवारी आमच्या गाड्या सातपुड्याच्या पायथ्याशी लागायच्या. ज्या उतारावरून तिथल्या बायका डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन गप्पा मारत उतरतात, तिथून आमचे दातांचे डॉक्टर दोन्ही हातांत दोन काठ्या घेऊन, तोंड मिटून उतरायचे. एक गृहस्थ मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत. घड्याळाची चार्जिंग संपली की ते बसून घेत. न मोजलेलं चालणं अंगी लागत नाही अशी त्यांची समजूत असावी. बाकीची मंडळी निसर्गात पोचली की निसर्गाकडे पाठ करून उभी राहत, फोटोसाठी. आणि "आता दोन मिनिटं शांतता अनुभवा," असं मी भोंग्यातून ओरडून सांगत असे.

मी भूगोल शिकवतो. गटातले सगळे मला सर म्हणत, ते मला गोड वाटे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी तेल्हाऱ्याच्या पलीकडची एक जागा काढली. तिथे नदी डोंगरातून बाहेर पडते आणि पात्र एकदम रुंद होतं. वाऱ्याने रेतीचे पुरुषभर उंचीचे ढीग झालेले. गटावर मी लिहिलं, "सकाळी डोंगर, नंतर वाळवंट. लहान मुलं आणि ज्येष्ठांसाठी अगदी सोपं." रेतीला वाळवंट म्हणायला मला काही वाटलं नाही. ज्याला सगळ्यात जास्त वाटायला हवं होतं तो मीच होतो.

कारण माझा बाप रेतीतला. कौंडण्यपुराच्या खाली, वर्धा नदीच्या पात्रात, आमची डांगरवाडी असे. दिवाळीनंतर पाणी उतरलं की बाप रेतीत चर काढून शेणखत भरायचा, टरबूज आणि डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावायचा, आणि उन्हाळाभर आम्ही तिथेच झोपडीत. पावसाळा आला की नदी सगळं परत घ्यायची. सातबारा नाही, बांध नाही, दाखवायला काही नाही. आमच्याकडे माणूस विचारला जातो तो काळ्या जमिनीवरून. म्हणून लग्न ठरताना मी सांगितलं की आमची काळी शेती होती, माझ्या शिक्षणासाठी विकली. आईवडील तोवर गेले होते. खोटं सांगायला मी एकटाच होतो आणि ते सांभाळायलाही.

त्या रविवारी डोंगर उतरून आम्ही रेतीत आलो. पुढे तशीच एक टरबुजांची वाडी होती. साठीचा माणूस, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, वेलांना पाणी घालत होता. त्याने न विचारता एक टरबूज फोडलं आणि फोडी पोरांच्या हातात दिल्या. मग माझ्या पायांकडे पाहत राहिला.

"साहेब, तुमी वाडीवाले दिसता."

"कशावरून हो?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"पाय पाहा न त्यायचे. तुमी सारे टाचेनं रेती उकरून राहिले. हे आडवा पाय टाकतेत. लहानपणापासून रेतीत रायल्याबिगर असा पाय पडत नाही."

"काय सर, टरबूजवाले निघाले की तुम्ही," घड्याळवाले म्हणाले आणि सगळे हसले.

माझी बायकोही हसली. "नाही वो काका," ती त्या माणसाला म्हणाली, "यायची शेती होती. काळी. चांगली." तिच्या आवाजात जो थाट होता तो मीच तिला दिलेला.

मी म्हणालो, "भूगोल शिकवतो मी. वाळूचा अभ्यास आहे."

"असंन," तो म्हणाला आणि परत पाण्याला लागला.

पुढे निघालो तेव्हा मी टाच रुतवून चालू लागलो होतो. बावन्न वर्षांचा माणूस खोटं चालायला शिकत होता. पंचवीस-तीस पावलांवर रेतीत एक काठी उभी होती, वर लाल चिंधी. बायको मागून म्हणाली, "मले एक काठी पाहून द्या न. पाय लय रुतून राहिले."

इथे थोडं सांगावं लागेल. रेतीत मांडीइतका खोल खड्डा केला की पाणी झिरपतं. त्याला झिरा म्हणतात. रानडुकरांनी घाण करू नये म्हणून त्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, टाकतात, वाऱ्याने त्यावर रेती बसते, आणि झिरा दिसेनासा होतो. म्हणून शेजारी काठी रोवतात, चिंधी बांधून. आमच्या वाडीत ती चिंधी बांधायचं काम माझं होतं. ती काठी हलवल्याबद्दल बापाने मला एकदाच मारलं, आणि तेवढं जन्मभर पुरलं.

मी ती काठी उपटली आणि बायकोच्या हातात दिली.

मला माहीत होतं. एवढं एकच वाक्य लिहायला दोन वर्षं लागली. डॉक्टर मागून माझे पाय बघत होते, आणि ज्याला काठीचा अर्थ कळत नाही असा माणूस म्हणून मला दिसायचं होतं. तिला हाताला धरून बाजूने नेऊ, असं मनात म्हणालो. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी सरांना हाक मारली, आणि सर वळले.

बायकोचा पाय झिऱ्यात गेला. तिचा घोटा दोन ठिकाणी मोडला. वाडीवाल्याने झोपडीतली स्वतःची बाज आणली आणि एका टोकाला खांदा देऊन रस्त्यापर्यंत चालत आला. दुसऱ्या टोकाला आमच्यातले चौघे आळीपाळीने, आणि प्रत्येकाला दम लागला. काठी तिच्या मुठीतच राहिली, ती गाडीतून घरी आली.

मग गटाला न्याय आठवला. डोंगरात एक कागद उचलायला न वाकणारी माणसं ग्रामपंचायतीकडे अर्ज करायला तावातावाने पुढे आली. अर्ज कुणी लिहायचा? सरांचं अक्षर चांगलं. मी लिहिलं, "कोणतीही खूण न ठेवता, निष्काळजीपणे खड्डे खणल्यामुळे." खूण माझ्या घरात दाराआड उभी होती. पुढच्या हंगामात त्या माणसाला तिथे वाडी लावू दिली नाही.

आमच्या घरात दोन वर्षं टरबूज आलं नाही. हातगाडी दिसली की बायको तोंड फिरवते. "त्या मेल्यानं मले खाली बसण्याजोगी ठेवली नाही," म्हणते. पायात धातूची पट्टी आहे, मांडी घालता येत नाही. दोरीवरचे कपडे ती त्या काठीनेच काढते.

या मार्चमध्ये मी तेल्हाऱ्याच्या बाजारात त्याला शोधलं. दुसऱ्याच्या वाडीतली टरबुजं विकत बसला होता. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्याने एका बाईला टरबूज वाजवून दिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मले काहून सांगून राहिले? मले तं तवाच समजलं. वाडीवाला माणूस झिऱ्याची काठी भुलून उपटत नाही. बाईले सांगा."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"तुमी अर्ज लिहाले बसले होते न. मले कोन इचारलं?"

घरी आलो तेव्हा बायको खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. मी आधी बापाचं सांगितलं, वाडीचं. मग काठीचं. तिचे हात थांबले नाहीत. जुडी संपली तेव्हा तिने विचारलं, "शेती नव्हतीच?"

"नव्हती."

"आन् मी त्याच्यासमोर काळी जमीन सांगत होती."

मला वाटलं होतं ती पायाबद्दल बोलेल. ती उठली, लंगडत दाराशी गेली, काठी आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. चिंधीचा रंग उडाला होता.

"पहिले अर्ज लिहा. त्याच अक्षरात. खूण होती, मी उपटली, असं लिहा. मले वाचून दाखवा. मग काठी त्याची त्याले नेऊन द्यायची. मी येतो सोबत."

"रेतीत?"

"रेतीत. तुमी पुढं चाला. जसा येते तसा पाय टाका."

अर्ज लिहून झाला आहे. दोनदा वाचून दाखवला. 'अनवधानाने' हा शब्द तिने खोडायला लावला.