अक्काची किडनी

नांदेडच्या दवाखान्यात तपासणीला माझ्यासोबत देगलूरची एक बाई असायची. नाव मी कधी विचारलं नाही. ती मास्कवर पदर ओढून खिडकीजवळच बसायची आणि कुणी खोकलं की मुकाट्यानं व्हरांड्यात जायची. आम्हा दोघांचीही किडनी दुसऱ्याची. शरीरानं ती झिडकारू नये म्हणून गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली. तिला किडनी थोरल्या बहिणीनं, अक्कानं दिलेली.

मागच्या हिवाळ्यात तिच्या रक्तातले काही विषाणू फार वाढले. डॉक्टर म्हणाले, "हे विषाणू त्रास देत नाहीत, सगळ्यांच्याच रक्तात असतात. पण इतके वाढले म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती फारच खाली गेलीय. गोळी थोडी कमी करू. आजारी माणसाजवळ मात्र जाऊ नका."

"गोळी कमी केल्यावर अक्काची किडनी ऱ्हाईल ना नीट?" तिनं एवढंच विचारलं.

त्याच आठवड्यात अक्काला न्यूमोनिया झाला. ही भेटायला गेली, पण अंगणातच थांबली. पुढच्या तपासणीला तिनं मला ते नेहमीच्या सावकाश आवाजात सांगितलं.

"अक्का आतून म्हणली, आत येऊ नको, गोळी घेतलीस का? मंग म्या दारासमोर, तिला दिसंल असं उभं राहून गोळी घेतली. लई बरं वाटलं तिला."

अक्का दुसऱ्या दिवशी गेली.

"जित्तेपणी पाय तेवढे धरायचे राहिले," असं म्हणून ती रक्त द्यायला आत गेली.